शीबाईच्या घरचे जंत

हॉटेलच्या हजेरीत तिचं खरं नाव असेलच कुठेतरी, पण त्या नावाने तिला हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि तिची पाठ वळली की 'शीबाई'. कारण बाईसाहेबांच्या तोंडातला दर तिसरा शब्द 'शी'. शी, कसला वास येतोय हा! शी, कुणाचा उष्टा पेला ठेवलाय इथे? शी गं बाई, नखं आहेत का फावडी? ती जवळपास असली तर लोक आलेली शिंकसुद्धा आतल्या आत जिरवत.

हॉटेल मोठं होतं. त्याच्या तळघरात चादरींची खोली होती आणि तिथे शीबाईचं राज्य होतं. वरच्या खोल्यांमधून उतरलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे ढीग सकाळपासून तिथे येऊन पडत. कशावर काय सांडलंय ते बघून वेगळं काढायचं, धुलाईला पाठवायचं, परत आलं की घडी घालायची, हे काम. लोक हॉटेलात गेले की घरात करणार नाहीत ते चादरीवर करतात, असं तिचं ठाम मत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात काही खोटं नव्हतं. टॉवेलला बूट पुसलेले असत. उशीवर ओकलेलं असे. एकदा तर चादरीच्या घोळात कुणाची तरी कवळी निघाली, दातात अडकलेल्या घासासकट. त्या दिवशी शीबाई जेवली नाही, आणि दुसऱ्या कुणी जेवायला डबा उघडला तर त्याच्याकडेही तिला बघवेना.

म्हणून तिचा एक नियम होता. मळकी असो की धुतलेली, चादर झटकायचीच. दोघींनी चार कोपरे धरायचे आणि अशी कडकडून झटकायची की आवाज जिन्यापर्यंत गेला पाहिजे. "झटकलं की निम्मी घाण गेली," असं ती हाताखालच्या बायकांना शिकवायची. गेली म्हणजे कुठे गेली, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारायची छाती कुणाची होती?

घरीही तेच. न्हाव्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरात असला तर झोपलेला असायचा. सून शिवणाच्या कारखान्यात शर्टाला बाह्या जोडायची. तिची पाळी दुपारनंतरची आणि शीबाईची सकाळची, त्यामुळे संध्याकाळभर नात आजीजवळ. पाच वर्षांची ती पोर इतकी वाटोळी आणि गुटगुटीत होती की आईने तिचं नाव गुंडी ठेवलं होतं. शीबाईला साऱ्या जगाची किळस यायची, फक्त गुंडीची यायची नाही. तिचा शेंबूड, तिची लाळ, तिने अर्धं चावून हातात दिलेलं बिस्किट, सगळं चालायचं. ते बिस्किट शीबाईने खाल्लेलंही सुनेने एकदा पाहिलं होतं आणि ती चाटच पडली होती. रात्री गुंडी आजीच्याच कुशीत झोपायची, तिची तंगडी आजीच्या पोटावर.

आणि रोज सकाळी कामावर निघण्याआधी शीबाई अंथरुणं झटकायची. पोर अजून झोपेत, तिच्या अंगावरची चादर ओढून फटाफट झटकायची. शेजारीच जेवायचं टेबल, त्यावर दुधाचं भांडं, पाव, कापलेलं फळ. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात कण न् कण नाचताना दिसायचा. शीबाई ते बघून समाधानाने मान हलवायची. बघा, केवढी घाण निघाली!

तर अशा या घरात गुंडी खाईनाशी झाली.

आधी पोट दुखतं म्हणाली. बेंबीपाशी, असं बोट ठेवून दाखवलं. मग ताटातला भात चिवडून तसाच ठेवायला लागली. झोपेत दात खायची, ओरडून उठायची, नीट झोप न झाल्यामुळे दिवसभर किरकिर करायची. दोनदा अंथरूण ओलं केलं. आणि सारखा हात मागे. बसली की खाजव, उभी राहिली की खाजव.

"जंत झालेत," शीबाईने निकाल दिला. "गोड खाते ना, म्हणून. बंद करा गोड." गोड बंद झालं. पोर आणखी किरकिरी झाली आणि हात मागचा पुढे आला नाही. मग शीबाईने गुन्हेगार शोधला. तो सापडायला वेळ लागला नाही. खाली न्हाव्याची तीन पोरं होती, तिघांची नाकं बारा महिने गळत आणि दुकानातल्या केसांच्या ढिगातच ती खेळत. शीबाई जिन्यात उभी राहून न्हाव्याच्या बायकोला म्हणाली, "तुमच्या पोरांनी आणलेत जंत आमच्या घरात. जरा धूत जा त्यांना." न्हाव्याची बायकोही काही कमी नव्हती. ती म्हणाली, "आमचं आम्ही बघू. तुम्ही तेवढी धूळ आमच्या डोक्यावर झटकू नका रोज." शीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गुंडीचं खाली जाणंच बंद केलं.

आणि मग ती संध्याकाळ आली. गुंडीने संडासातून हाक मारली, "आजी, झाली!" शीबाई गेली, पोरीला ओणवं केलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि तिचा हात तिथेच थांबला. आधी तिला वाटलं दोरा आहे. सुनेच्या कारखान्यातून आलेला पांढरा दोरा चिकटला असेल. मग तो दोरा वळवळला. त्याच्याशेजारी आणखी एक होता. लाल झालेल्या, ओरबाडलेल्या कातडीच्या सुरकुतीतून तिसरा डोकं बाहेर काढत होता, नखाएवढा लांब, बारीक, मऊ, आणि शी, शी, शी, जिवंत.

 कवळी पाहून जे झालं नव्हतं ते झालं. ती तांब्या टाकून मोरीकडे धावली आणि भडभडून ओकली. आणि गुंडी? ती तशीच ओणवी, ढुंगण वर करून, डोकं खाली, विचारत राहिली, "आजी, काय झालं? आजी, धू ना." पोरीला त्या दिवशी आजीने धुतलं, पण हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सासू-सून दोघी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, घाईत होती, पण नीट बोलली. "सुतकृमी आहेत. घाबरू नका, मुलांमध्ये हे फार असतं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे ते राहतात. तिथे आहेत तोवर फार जाणवत नाहीत. मुलगी झोपली की मादी खाली उतरते, बाहेर येते आणि कातडीवर अंडी घालते. हजारो. त्याची खाज सुटते, मूल झोपेतच खाजवतं, अंडी नखात जातात, नखांतून तोंडात. तिथून परत पोटात. असं चक्र चालू राहतं. झोप नाही, म्हणून चिडचिड. पोट दुखतं, मळमळतं, म्हणून भूक नाही."

शीबाईने नाकाला रुमाल लावला होता. जणू हे शब्दांतूनही उडून येईल. "पण आमच्या घरात? अहो, माझ्या घरात जमिनीवर जेवावं इतकी ती साफ असते."

"साफ घरातही होतात. गोड खाल्ल्यानेही होत नाहीत. अंडी दिसत नाहीत, ती चादरीत, कपड्यांत, धुळीत दोन-तीन आठवडे जगतात. हवेत उडतात, अन्नावर बसतात, श्वासाबरोबर घशात जाऊन गिळली जातात. म्हणून दोन गोष्टी. घरातल्या सगळ्यांनी गोळी चावून खायची, त्रास असो की नसो, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण गोळी किडा मारते, अंडी मारत नाही. आणि चादरी अलगद गुंडाळून गरम पाण्यात टाका. झटकू नका. झटकलं की सगळ्या घरभर पेराल."

'झटकू नका' हे शब्द कानात शिरले आणि शीबाईचा चेहरा पडला. सुनेने तिच्याकडे बघितलं.  ते बघणं शीबाईला जिन्यातल्या भांडणापेक्षा जास्त झोंबलं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गोळी खाल्ली असती, झटकणं सोडलं असतं आणि विषय संपला असता. पण शीबाईचं तसं नव्हतं. तिच्या मनाने एकच घोकलं होतं: गोळी खाल्ली म्हणजे कबूल केलं. कबूल केलं म्हणजे आपल्याही पोटात, आपल्या आतड्यात, ते पांढरे, वळवळणारे... छे! नुसत्या विचाराने तिला शहारे आले. सुनेने वाटीत गोळी ठेवून दिली. शीबाईने ती तोंडात टाकल्यासारखं केलं, मुठीत धरली आणि मोरीत सोडून वर पाणी ओतलं. ट्रकवरून आलेल्या मुलाने मुकाट्याने खाल्ली, सुनेने खाल्ली, गुंडीने तोंड वाकडं करत खाल्ली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात ते हेच.

आणि चादरी? त्याही ती झटकतच राहिली. फक्त आता खिडक्या लावून. म्हणजे न्हाव्याच्या बायकोला दिसायला नको. जे बाहेर उडून जात होतं तेही आता घरातच राहिलं.

गुंडीला मात्र तिने वाळीत टाकलं. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळा टॉवेल, झोपायला वेगळं अंथरूण, तेही भिंतीशी. "इथे हात लावू नकोस. तिथे बसू नकोस. आधी हात धू. पुन्हा धू. शी, अजून धू." पोर कुशीत यायला लागली की शीबाई कोपराने तिला लांब सारायची. मायेच्या माणसाचं कोपर, पण पोरीला हाडच लागणार ना. पहिल्या रात्री ती रडली, दुसऱ्या रात्री हुंदके देत झोपली. पुढे रडेनाशी झाली. आपणहून भिंतीशी जाऊन झोपायला लागली, हात उशीखाली दडपून.

दुसरी गोळीही झाली. शीबाईची दुसरी गोळीही मोरीतच गेली. थोडे दिवस बरे गेले. गुंडीने भात संपवला, दोनदा मागूनही घेतला. आणि मग पुन्हा हात मागे गेला.

त्या आठवड्यात एकदा कारखाना लवकर सुटला. सून दिवेलागणीलाच घरी आली, चपला काढल्या आणि रोजच्यासारखी दोन्ही हात पसरून खाली बसली. गुंडी जागची हलली नाही. तिने मागे सरकून पाठ भिंतीला टेकवली. "मम्मी, लांब हो," ती म्हणाली, "मी घाण आहे. तुला लागेल."

सुनेने तिचे हात ओढून बघितले. धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती, पेरांपाशी चिरा पडून रक्त येत होतं. तिने पोरीला उचलून छातीशी धरलं. पोर हात आखडून, अंग चोरून, लाकडासारखी ताठ.

"कुणी सांगितलं तुला तू घाण आहेस?"

गुंडीने आजीकडे बघितलं. 

इतकी वर्षं तोंड मिटून असलेली सून त्या दिवशी फुटली. "अहो आई, जंत गोळीने जातील हो. हे तुम्ही जे तिच्या डोक्यात घातलंय ना, त्याला कुठली गोळी आणू मी?"

"मी काय केलं? तिच्या भल्यासाठीच... तुझ्या त्या कारखान्यातूनच येत असणार हे सगळं. पन्नास बायका एका संडासात जाता."

"झालं! खाली न्हावी, वर मी. तुम्ही तेवढ्या धुतल्या तांदळासारख्या. झटकण्यात तुम्ही पटाईतच आहात, चादर असो की दोष." सुनेने पोरीला आणखी घट्ट धरलं. "सगळ्यांनी दोन्ही वेळा औषध घेतलं. मग येतात कुठून हे परत? मला नाही कळत. पण एक कळतं. या घरात माझी पोर सुकत चालली आहे. रविवारी मी तिला घेऊन माझ्या बहिणीकडे जाते. तिथे एकच खोली आहे, पण तिथे तिला कुणी कोपराने ढकलणार नाही. आणि परत कधी आणेन ते विचारू नका."

 गुंडी जाणार. दुपारी येऊन कुलूप उघडायचं ते रिकाम्या खोल्यांसाठी. त्या साफ राहतील, चकचकीत राहतील, आणि शीबाईला त्या विचाराने पहिल्यांदा स्वच्छतेचीच शिसारी आली.

सगळ्यांनी औषध घेतलं, मग येतात कुठून? सुनेने हे रागाने विचारलं होतं, पण उत्तर त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं.

कारण खाज तिलाही होती. आजची नाही, कित्येक महिन्यांची. गुंडीला व्हायच्या आधीपासून. तिने त्याला 'उष्णता' हे नाव देऊन टाकलं होतं. उष्णता झाली की खाज सुटतेच, गार पाण्याने बसलं की थांबते, उभं राहून काम करणाऱ्या बाईला उष्णता व्हायचीच. पोटात गुरगुरायचं त्याला ती गॅस म्हणायची. झोप लागायची नाही त्याला वय म्हणायची. उष्णता हा शब्द किती सोयीचा! त्यात किडा नाही, शेपूट नाही, शी नाही.

रविवारी पहाटे ती उठली, आंघोळ न करता, न्हाणीघराचं दार आतून लावलं. डॉक्टरीणबाईने गुंडीसाठी सांगितलेली युक्ती तिला पाठ होती: सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबायची आणि काढून बघायची. तिने पट्टी फाडली. भिंतीला एक हात टेकून वाकली. त्या वाकण्याचीच तिला इतकी लाज वाटली की डोळे मिटून घेतले. पट्टी दाबली. काढली. दिव्याखाली धरली.

ते होते. एक चिकटून पसरलेला, आणि दुसरा, पट्टीच्या कडेला, अजून शेपूट हलवत होता. सुईसारखं टोक असलेलं शेपूट. तिचे. तिच्या पोटात वाढलेले, तिचंच खाऊन पांढरे झालेले, रोज रात्री ती झोपली की तिच्याच आतून सरपटत बाहेर येणारे. आणि ती चादर झटकत होती. पोरीच्या उशाशी. दुधाच्या भांड्यावर.

ती ओकली नाही. किळस बाहेरच्या गोष्टीची येते, तेव्हा ती ओकून टाकता येते. ही टाकायची कुठे? स्वतःच्या कातडीतून बाहेर पडावं असं तिला वाटलं. गपचूप पट्टी चुरगाळावी, गपचूप गोळी आणून खावी, कुणाला कळणारही नाही, असंही वाटलं. हो, वाटलं.  बाहेर सुनेने पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला आणि शीबाईने कडी काढली.

सून गुंडीचे कपडे भरत होती. गुंडी पलंगावर बसून मोजे घालत होती.

"मी गोळी खाल्ली नव्हती," शीबाई म्हणाली. "एकदाही नाही. मोरीत टाकली. आणि हे बघ." तिने पट्टी पुढे धरली.  "माझ्यातून गेलेत तिला. चादरीही झटकत होते मी, खिडक्या लावून. तू नको जाऊस. जायचं असेल तर मी जाते कुठेतरी. पण तिला नेऊ नकोस."

सून पट्टीकडे बघत राहिली.  शिव्या द्याव्यात इतकं तिच्या मनात होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. गुंडी मात्र एक मोजा घालून उतरली, जवळ आली आणि मान वाकडी करून तिने पट्टी निरखली.

"आजी, हे तुझे?"

"हो."

"तुझ्या ढुंगणातले?"

"हो गं."

गुंडीचे डोळे मोठे झाले. तिने पट्टीवरची नजर काढून आजीच्या तोंडाकडे बघितलं, मग पुन्हा पट्टीकडे. शीबाई वाट बघत होती की आता ही 'शी' म्हणेल, मागे सरेल, भिंतीला पाठ लावेल. तिने म्हणावं असंही तिला वाटत होतं. निदान फिट्टंफाट झाली असती.

"मग तू पण घाण?"

शीबाईने मान हलवली. "हो. मी पण."

"मग मम्मी तुझ्याजवळ कशी उभी राहिली?" पोरीला खरंच कोडं पडलं होतं. तिने आईकडे बघितलं. "मम्मी, तू का नाही ढकलत आजीला?"

सुनेने पिशवी पलंगावर ठेवली. फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, उरलेली गोळी फोडली आणि सासूच्या हातात न देता तोंडासमोर धरली. "आ करा," ती म्हणाली. शीबाईने 'आ' केला. सुनेने गोळी जिभेवर ठेवली आणि तोंड चालायला लागेपर्यंत हनुवटी धरून ठेवली. "चावा. मी बघतेय."

गुंडीही बघत होती. आजीने गोळी चावली, गिळली. तेव्हा पोरीने तिच्या पायाला हात लावला, एका बोटाने, लागतंय की नाही ते तपासावं तसा. काही झालं नाही. मग तिने विचारलं, "आजी, मग मलाच का ढकलायचीस?"

  शीबाई खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली, आणि पोर उत्तराची वाट बघत तिच्यासमोर उभी राहिली.